म्लेच्छाचाही शब्द प्रमाण

'उंटापेक्षा जिराफ जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो.' हे विधान खरं की खोटं? शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव्ह-आरी आणि बोअझ कायसार यांनी अशी अनेक विधानं अमेरिकी श्रोत्यांना ऐकवली. काही विधानं जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडची होती. काही मात्र अशा लोकांच्या तोंडची होती, ज्यांच्या इंग्रजीत पोलिश, तुर्की, कोरियन किंवा इटालियन वळण ऐकू येत होतं. बोलणारा स्वतःचं ज्ञान सांगत नाही, हाती दिलेलं वाक्य फक्त म्हणून दाखवतो, हे श्रोत्यांना आधीच सांगितलेलं होतं. त्यांनी एवढंच करायचं, की १४ सेंटिमीटरच्या एका रेघेवर खूण करायची. रेघेचं एक टोक 'नक्की खोटं', दुसरं 'नक्की खरं'. २०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. इंग्रजी ज्यांची मायबोली होती त्यांच्या विधानांना सरासरी साडेसातच्या आसपास जागा मिळाली, परक्या उच्चारातल्या विधानांना सातच्या खाली.

फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आगेमागे आहे. पण त्यामागचा प्रश्न तत्त्वज्ञानातल्या जुन्या आणि अवघड प्रश्नांपैकी एक आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला ज्ञान होतं ते कशाच्या बळावर? आणि सांगणाऱ्याचा उच्चार हा त्या बळाचा भाग आहे का?

भारतीय न्यायदर्शनात या प्रश्नाचं थेट उत्तर सापडतं. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्याबरोबर न्यायसूत्रं 'शब्द' हे चौथं प्रमाण मानतात, आणि हा शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. मग आप्त कोण? इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने दोन कसोट्या दिल्या. त्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक असावी, आणि जशी ठाऊक आहे तशीच ती सांगण्याची त्याची इच्छा असावी. यापुढे तो जे म्हणतो ते आजही वाचणाऱ्याला थांबवतं. ही व्याख्या ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे. 'म्लेच्छ' हा केवळ परधर्मीय नव्हे. संस्कृत धातुपाठात हा धातू अस्पष्ट बोलण्याच्या अर्थानेच नोंदलेला आहे, म्हणजे ज्याचं बोलणं आपल्या कानाला नीट लागत नाही तो म्लेच्छ. अशा माणसाचा शब्दही, तो जाणता आणि प्रामाणिक असेल तर, प्रमाण आहे. वात्स्यायनाच्या कसोटीत उच्चाराला स्थान नाही.

शिकागोच्या श्रोत्यांच्या मनाने त्याला स्थान दिलं. संशोधकांच्या मते याचं कारण परक्यांविषयीचा आकस हे नव्हतं, कारण वाक्यं परक्यांची नव्हतीच. कारण होतं ऐकण्याचे कष्ट. जी गोष्ट मनाला सहज पचते ती खरी वाटते, हे मानसशास्त्राला त्याआधीपासून माहीत होतं. रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्त्स यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं होतं, की तेच विधान ठसठशीत रंगात छापलं तर फिक्या रंगात छापलेल्यापेक्षा ते लोकांना अधिक खरं वाटतं. कानाचंही तेच होतं. परका उच्चार उलगडायला श्रोत्याला जरा जास्त श्रम पडतात, आणि ते श्रम 'हे काही पटत नाही' अशा भावनेच्या रूपाने मनात उतरतात. खर्च श्रोत्याचा, नावे मात्र वक्त्याच्या पडतो. प्रयोगाच्या पुढच्या भागात श्रोत्यांना हा धोका आधीच समजावून सांगितला. तेव्हा सौम्य उच्चाराच्या बाबतीत त्यांनी आपला तोल सावरला. दाट उच्चाराच्या बाबतीत तो कळूनही सावरला नाही.

विज्ञानात एका प्रयोगावर इमारत उभी राहत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या दोन संशोधकांना अशा चाचण्यांमध्ये हा परिणाम दिसला नाही. तो हळवा आहे, परिस्थितीनुसार उमटतो आणि पुसतो, असंच मानणं योग्य. पण कानाचा कल केवळ आवाजाने ठरत नाही याचा एक जुना पुरावा आहे. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवलं. आवाज एकाच अमेरिकी स्त्रीचा. समोर छायाचित्र मात्र काहींना गोऱ्या स्त्रीचं, काहींना पूर्व आशियाई स्त्रीचं. आशियाई चेहरा पाहणाऱ्यांना त्या आवाजात परका उच्चार 'ऐकू आला', आणि त्यांना व्याख्यानातलं कमी समजलं. आवाजात नसलेला उच्चार डोळ्यांनी कानात घातला होता.

मग अर्थ मेंदूत नेमका कसा उमटतो, आणि परक्या उच्चाराने त्यात काय बदलतं?

मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये सान डिएगोत डोक्याच्या त्वचेवर इलेक्ट्रोड लावून लोकांना वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट अर्थाला धक्का देणारा होता. कुणीतरी गरम पावाला मोजे फासले, अशा तऱ्हेचा. तो अनपेक्षित शब्द दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठळक ऋण उतार दिसला. त्याला एन-४०० हे नाव मिळालं. पुढे १९९० च्या दशकात व्याकरण चुकलं की सुमारे ६०० मिलिसेकंदांनी येणारी धन लहर, म्हणजे पी-६००, अभ्यासली गेली. वाक्य कुठेतरी बिघडलंय आणि मेंदू ते पुन्हा जुळवू पाहतोय, याची ती खूण मानली जाते.

न्यायदर्शनाचे विद्यार्थी मोज्यांच्या वाक्यातली अडचण लगेच ओळखतील. वाक्यातून अर्थ कळायला आकांक्षा, योग्यता, सन्निधी आणि तात्पर्य हवं, असं त्यांच्या परंपरेत शिकवतात. पैकी योग्यता म्हणजे पदार्थांचा एकमेकांशी मेळ बसणं, आणि योग्यता नसल्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'विस्तवाने शिंपणे'. व्याकरण बिनचूक, पण विस्तव शिंपता येत नाही. प्राचीनांना मेंदूच्या लहरी ठाऊक होत्या, असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र वाक्यार्थ कुठे अडखळतो, हे त्यांनी केवळ मनाच्या निरीक्षणातून अचूक टिपलं होतं. मोज्यांच्या आणि विस्तवाच्या वाक्यात अडथळा एकाच जागी आहे.

या दोन लहरींच्या आधारे नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास इथे सर्वांत महत्त्वाचा ठरतो. आद्रिआना हानुलिकोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. डच भाषेत नामांना लिंग असतं आणि त्यानुसार सोबतची रूपं बदलतात. तुर्की मायबोली असलेली माणसं डच बोलताना इथे हमखास चुकतात, आणि डच लोकांच्या कानावर ती चूक रोज पडते. अभ्यासात डच श्रोत्यांना लिंग चुकलेली वाक्यं ऐकवली. अस्सल डच उच्चारात चूक आली की पी-६०० लहर उठली. तीच चूक तुर्की वळणाच्या डचमध्ये आली तेव्हा ती उठली नाही. पण वाक्याचा अर्थच बिघडवला तेव्हा एन-४०० दोन्ही उच्चारांत उमटली.

म्हणजे बोलणारा कोण आहे याचा अंदाज घेऊन मेंदू व्याकरणाचा दंडक सैल करतो, अर्थाचा करत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या सारा ग्रे आणि यानेट व्हान हेल यांच्या २०१७ च्या अभ्यासाने यात आणखी एक बारकावा भरला. चिनी वळणाचं इंग्रजी ऐकताना ज्यांना तो उच्चार कुठला हे ओळखता आलं, त्यांच्या मेंदूने व्याकरणाच्या चुकांची वेगळ्या तऱ्हेने का होईना, दखल घेतली. ज्यांना ओळखता आलं नाही, त्यांच्या मेंदूने ती घेतलीच नाही. ओळखीचा परका आणि अनोळखी परका यांना मेंदू एका मापाने मोजत नाही.

व्याकरण आणि अर्थ यांचा हा वाद पतंजली या वैयाकरणाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात महाभाष्याच्या सुरुवातीलाच उभा केला आहे. 'गौः' हा शुद्ध शब्द. लोकांच्या तोंडी त्याची गावी, गोणी, गोता अशी कितीतरी रूपं. ऐकणाऱ्याला गाय दोन्हींतून कळते, हे पतंजली मान्य करतो. मग व्याकरण कशाला? तर शुद्ध शब्दाच्या वापराने पुण्य लाभतं म्हणून, असं त्याचं उत्तर. अर्थ कळण्याचा प्रश्न आणि शुद्धतेच्या पुण्याचा प्रश्न त्याने वेगळे केले. अशुद्ध बोलणाऱ्याचं बोलणं कळतच नाही, असा दावा या महावैयाकरणाने केला नाही. त्याच परंपरेतला भर्तृहरी पुढे विचारतो, की अपभ्रंशातून अर्थ पोचतो तरी कसा? बोलायला शिकणारं मूल आईला बोबडी हाक मारतं तेव्हा जाणते त्यातून नीट शब्द ओळखतात, तसा अपभ्रंश आधी शुद्ध शब्दाची आठवण करून देतो आणि मग अर्थ येतो, असं तो सांगतो. पण तो इथेच थांबत नाही. ज्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या अपभ्रंशच रुळला, त्यांना अर्थ त्यातूनच कळतो, शुद्ध शब्दातून नाही, हेही तो नोंदवतो. शब्दाची सत्ता सवयीवर उभी आहे, एवढं त्याने ओळखलं होतं.

धर्मपरंपरांत मात्र दुसरा सूरही तितकाच जोरकस आहे. 'हे अरयः' (हे शत्रूंनो) म्हणायच्या जागी 'हेलयः' म्हणणारे असुर हरले, ही कथा पतंजलीच सांगतो. मंत्रातल्या 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकला, 'इंद्राचा संहारक' होण्याऐवजी 'इंद्र ज्याचा संहारक' असा अर्थ झाला, आणि इंद्राला मारण्यासाठी जन्मलेला वृत्र स्वतःच मारला गेला. बायबलच्या शास्ते या पुस्तकात यार्देन नदीच्या उतारावर गिलादी लोक पळून जाणाऱ्यांना 'शिब्बोलेथ' म्हणायला लावतात. 'श' न जमणारा एफ्राईमी ठरतो आणि मारला जातो. तिथे दिलेला मृतांचा आकडा ४२,००० आहे. येशूला अटक झाल्या रात्री पेत्राला लोक ओळखतात तेही त्याच्या गालीली बोलण्यावरूनच. उलट रूमीच्या मसनवीत बिलालची कथा येते. आफ्रिकी वंशाचा हा मुअज्जिन अजान देताना 'ह'चा उच्चार चुकवतो, दुसरा कुणी नेमा अशी मागणी होते, आणि उत्तर मिळतं की बिलालची चूक ईश्वराला इतरांच्या बिनचूकपणाहून प्रिय आहे.

या कथांत दोन वेगळ्या भूमिका आहेत. एकीत उच्चार हे प्रवेशपत्र आहे, दुसरीत बोलणाऱ्याचं मन. कुठली भूमिका न्याय्य, हे ठरवताना विज्ञानाची एक गोष्ट विसरता येत नाही. उच्चार माणूस निवडत नाही, आणि कानही निवडत नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये तान्ह्या मुलांची परीक्षा घेतली, त्यात हिंदीतला दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' हा भेद वापरला होता. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची मुलं हा भेद सहज ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची होईतो बहुतेकांची ती क्षमता मावळलेली होती. मराठी माणसाला त-ट मधला फरक झोपेतही कळतो, इंग्रज प्रौढाला तो प्रयत्न करूनही निसटतो. आपण इंग्रजी बोलतो तेव्हा त्याच पहिल्या वर्षात घडलेलं वळण आपल्या जिभेवर असतं. ज्यात माणसाची निवड नाही, त्यावर त्याची विश्वासार्हता तोलणं हा अन्याय आहे.

उदार होऊन ऐकणं हाही निर्धोक उपाय नाही. एमआयटीतल्या एडवर्ड गिब्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की शब्दशः विचित्र अर्थाचं वाक्य परक्या उच्चारात आलं, तर श्रोते त्याचा सरळ, शहाणा अर्थ लावायला अधिक तयार असतात. समजा कुणी शब्दांच्या उलटापालटीने 'आईने मेणबत्तीला मुलगी दिली' असं म्हटलं, तर श्रोता ते 'मुलीला मेणबत्ती दिली' असंच घेतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक आणि काव्यशास्त्रातले आलंकारिक याला लक्षणेच्या, म्हणजे सरळ अर्थ बसेना तेव्हा त्याच्याशी जोडलेला अर्थ घेण्याच्या, जवळचं मानतील. 'गंगेवर गवळीवाडा' म्हटलं की प्रवाहावर घरं असणं अशक्य म्हणून मन आपोआप काठाकडे वळतं. अमेरिकी तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९८६ च्या एका गाजलेल्या निबंधात म्हटलं, की बोलणाऱ्याचे शब्द चुकले तरी संवाद होतो, कारण ऐकणारा क्षणोक्षणी आपली समज त्याच्याशी जुळवून घेत असतो. हे औदार्य संवादाचा प्राण आहे.

पण त्यातच सापळाही आहे. ऐकणारा जेव्हा आवाजापेक्षा स्वतःच्या अपेक्षेवर अधिक विसंबतो, तेव्हा बोलणारा खरोखरच अनपेक्षित काही सांगत असेल तर तेच हरवतं. लेव्ह-आरी आणि कायसार यांना २०१२ च्या अभ्यासात असं दिसलं, की परक्या उच्चारात सांगितलेल्या गोष्टीतले नेमके शब्द श्रोत्यांच्या मनात कमी तपशिलाने उरतात. दवाखान्यात नेहमीच्या आजाराचं नाव न घेता वेगळंच लक्षण सांगणारा रुग्ण, कोर्टात सर्वांच्या समजुतीविरुद्ध साक्ष देणारा साक्षीदार, वर्गात पुस्तकाबाहेरचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी. यांचं बोलणं 'त्याला असं म्हणायचं असेल' म्हणून सुधारून घेतलं, तर दयाळूपणे त्यांचा शब्द हिरावून घेतल्यासारखं होतं. शबरस्वामींच्या भाष्यात मीमांसकांनी याहून खंबीर भूमिका घेतली आहे. वेदात पिक, नेम, तामरस असे काही शब्द येतात, ज्यांचा अर्थ आर्यांमध्ये रुळलेला नाही पण म्लेच्छांमध्ये आहे. अशा वेळी आपण व्युत्पत्तीने अर्थ रचायचा की म्लेच्छांचा घ्यायचा? निर्णय म्लेच्छांच्या बाजूने झाला. वेदाच्या अर्थासाठीसुद्धा परक्याचं सांगणं, त्याच्याच अर्थाने, स्वीकारलं गेलं.

ब्रिटिश तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये ज्ञानाच्या क्षेत्रातल्या अन्यायाची मांडणी केली. पूर्वग्रहामुळे सांगणाऱ्याला त्याच्या हक्काएवढी विश्वासार्हता न देणं, हा माणसावर ज्ञाता म्हणून केलेला अन्याय आहे, असं त्या म्हणतात. वात्स्यायनाचं एक वाक्य आणि फ्रिकर यांचं पुस्तक यांत सोळा शतकांचं अंतर आहे, पण दोघांचा रोख एकच आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन दिशांनी येतो. 'आणि' ला 'आनि' आणि 'पाणी' ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला अजूनही वर्गात हसलं जातं, आणि त्याबरोबर त्याचं गणितही कच्चं ठरवलं जातं. परप्रांतातून आलेला कुणी मराठीत पहिलं वाक्य जुळवतो आणि समोरचा हसून हिंदीत उत्तर देतो. मग तो दुसरं वाक्य कशाला जुळवेल? दुसरीकडे मराठी मुलंमुली कॉल सेंटरांत आपलं इंग्रजी अमेरिकी कानांना बोचू नये म्हणून घासून घेतात, आणि आता तर बोलता बोलताच उच्चार बदलून देणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आहेत. म्हणजे जगात आपण म्लेच्छ ठरतो, आणि घरात दुसऱ्याला म्लेच्छ ठरवतो. ज्या भाषेत इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला ते छापलं, आणि पुढे गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाने ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलं-गायलं, त्या भाषेला परक्या उच्चाराची भीती वाटण्याचं काही कारण नाही.

आणि हे सुधारणं फार कष्टाचं नाही. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी २००४ मध्ये दाखवलं, की परक्या उच्चाराचं इंग्रजी ऐकताना सुरुवातीला श्रोत्यांची समज मंदावते, पण मिनिटभराच्या ऐकण्यातच ती बरीचशी सावरते. अॅन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांच्या २००८ च्या अभ्यासात चिनी वळणाचे अनेक आवाज ऐकलेल्या श्रोत्यांना तसाच नवा, कधी न ऐकलेला आवाजही अधिक नीट कळला. मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांनी १९९५ मध्येच स्पष्ट केलं होतं, की उच्चार दाट असणं आणि बोलणं न कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाट उच्चाराचं बोलणंही पुष्कळदा शब्द न शब्द कळतं. सवय लागली की कान वळतो. सवय लावण्याचं काम मात्र श्रोत्याचं आहे.

म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी, न्यायासनावर बसणाऱ्यांनी आणि आपण सर्वांनी एवढं करावं. समोरच्याचा उच्चार अडखळवतो आहे असं वाटलं, तर मत बनवण्याआधी त्याला निवांत दोन-चार मिनिटं बोलू द्यावं. कळलं नाही ते पुन्हा विचारावं, आपल्या मनाने जुळवून घेऊ नये. आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवताना वात्स्यायनाचे दोनच प्रश्न विचारावेत: याला ही गोष्ट खरंच ठाऊक आहे का, आणि तो ती जशी आहे तशी सांगतो आहे का?